जाकीरच्या दुकानात आलेली जहाजं

साखरखेर्ड्याच्या बाजारात, पिठाच्या गिरणीला लागून जाकीरचं फ्रेमचं दुकान आहे. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं पायरीवरच उभं राहायचं, एवढंच ते दुकान. गिरणी चालू झाली की भिंत थरथरते आणि टांगलेल्या काचांवर पिठाची बारीक साय धरते. जाकीर दिवसभर फडक्यानं ती पुसत असतो.

त्याचे वडील बैलगाड्या करायचे. ट्रॅक्टर आले, गाड्यांचा धंदा बसला, तेव्हा जाकीरनं बापाचीच करवत आणि बापाचाच रंधा घेऊन चौकटी करायला सुरुवात केली. गजानन महाराजांची तसबीर असो, मक्का-मदिना असो, पोराचं दहावीचं प्रमाणपत्र असो, नाहीतर नवरा-नवरीचा जोडफोटो. गावातल्या बहुतेक भिंतींवर जाकीरच्या हातचं काहीतरी लागलेलं होतं. काम करताना तो गुणगुणायचा. गिरणीच्या आवाजात ते कोणाला ऐकू जात नसे, पण ओठ हलताना दिसत.

गावात बीटी कपाशी आली ती पहिली वर्षं त्याला चांगली आठवतात. झाडाला बोंडं मावत नव्हती. लोक हौसेनं फोटो काढून घेत आणि फ्रेमसाठी सोनेरी पट्टीच मागत. उत्तमराव त्यातला पहिला. गावात बीटी पेरणारा पहिला शेतकरी तोच, आणि आजूबाजूच्या खेड्यांतून लोक त्याचं वावर बघायला येत. फुटलेल्या कपाशीत छातीपर्यंत उभा असलेला उत्तमराव, शेजारी पदर सावरणारी झुंबरबाई, असा एक मोठा फोटो त्यानं तेव्हा जाकीरकडून लावून नेला होता. पट्टी निवडायला त्याला अर्धा दिवस लागला होता आणि तेवढ्या वेळात त्यानं अख्ख्या बाजाराला चहा पाजला होता.

पुढं हंगाम फसत गेले. कधी पाऊस दगा देई, कधी भाव. दोन हजार सतराच्या हंगामात तर शेंदरी बोंडअळीनं कहर केला. ज्या बियाण्याला अळी लागणार नाही असं सांगितलं होतं त्याचंच बोंड फोडावं तर आत अळी बसलेली. लोकांनी उभ्या कपाशीत नांगर घातला.

तशी जाकीरच्या दुकानात वेगळीच कामं येऊ लागली. हार घालायचे, एकट्या माणसाचे फोटो, तेही तरण्या माणसांचे. लग्नाच्या घोळक्यातून नाहीतर आधार कार्डावरून कापून मोठे केलेले, त्यामुळे चेहरा धुरकट, डोळे फुटल्यासारखे. घेऊन येणारा पट्टी निवडत नसे. "लाव कोनती बी," म्हणून पायरीवर बसून राही. जाकीर काही विचारत नसे. पायरीवरच्या माणसाला ठोके ऐकू जाऊ नयेत म्हणून तो हातोडीला फडकं गुंडाळी.

"तुमचं गुणगुणणं कधी बंद झालं हो?" एकदा जेवताना त्याच्या बायकोनं, आसमानं विचारलं. जाकीरनं घास तसाच हातात धरला. बंद झालंय हेच त्याला ठाऊक नव्हतं.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात किसनरावाचा ज्ञानेश्वर गावी आला. हा पोरगा डिझेल इंजिनांचा मेकॅनिक. पृथ्वीच्या पार तळाशी, दक्षिण ध्रुवाच्या बर्फात, आपल्या देशाचं संशोधन केंद्र आहे, तिथं जनरेटर सांभाळायला तो वर्षभर राहून आला होता. गावाला ते खरंच वाटत नव्हतं. खांद्यावर एक लांब पुठ्ठ्याची नळी घेऊन तो दुकानाची पायरी चढला.

"चाचा, हायस्कूलच्या हॉलमंदी लावाले चार चित्रं आनली पुन्याहून. कॅनव्हासवर छापेल हायेत. तुमी चौकटीवर तानून द्यान का?"

"कॅनव्हास मी कधी तानला नाई बाप्पा. कागद अन् काच, एवढाच आपला कारभार."

"मंग आता ताना."

ज्ञानेश्वरनं नळीतून गुंडाळी काढली आणि टेबलावर उलगडली. कडा वर वळत होत्या म्हणून जाकीरनं एका टोकाला पक्कड ठेवली, दुसऱ्या टोकाला काटकोन बघायचा लोखंडी गुण्या. आणि मग त्यानं पाहिलं.

काळंभोर आकाश. खाली चहूकडे गोठलेलं पांढरं रान. मधोमध एक जहाज, तीन डोलकाठ्यांचं. त्याचा दोर न् दोर, काठी न् काठी बर्फानं मढलेली. अंधारात ते नुसतं पांढरं उभं होतं, एखाद्या भुता-जिनासारखं. जाकीरनं समुद्र कधी पाहिला नव्हता. त्याला ठाऊक असलेलं मोठं पाणी म्हणजे लोणारचं तळं, नाहीतर पुराच्या दिवसांतली पैनगंगा. तरी त्याच्या अंगावर सरसरून काटा आला.

"हे कोनी काढलं?"

"फोटो हाय, चाचा. खरा. शंभर वर्सं झाले. त्या मुलखात हिवाळ्यात सूर्य निंगतच नाई. मीबी दोन महिने सूर्य पाह्यला नाई. तसल्या अंधारात, जहाजाच्या भवताली उजेडाची दारू पेटवून घेतला हा फोटो."

"अन् हे जहाज तिथं कायले उभं हाय?"

"उभं नाई, अडकेल हाय. एन्ड्युरन्स नाव त्याचं. बर्फानं धरलं ते सोडलंच नाई."

जाकीर बराच वेळ वाकून पाहत राहिला. गिरणीवर दळण घेऊन आलेल्या दोन बाया पायरीवर थांबल्या. एकीनं विचारलं, "कापूस हाय का हो हा?" तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

चार चित्रं, चार जहाजं. एक फ्राम नावाचं, अर्ध्या नारळासारख्या बुडाचं. बर्फ आवळायला लागला की चिरडायच्या ऐवजी वर उचललं जाईल असंच बांधलेलं. दुसरं डिस्कव्हरी, दोन वर्षं बर्फात रुतून शेवटी सुटलेलं. तिसरं टेरा नोव्हा, बर्फाच्या गुहेच्या तोंडातून दूरवर दिसणारं, खेळण्यासारखं. त्या जहाजानं नेलेल्या माणसांतली पाच जणं ध्रुवावरून परत यायच्या वाटेवर गेली, असं ज्ञानेश्वरनं सांगितलं. जाकीरनं त्या चित्रावरून हळूच हात फिरवला, मयताच्या फोटोवरून फिरवायचा तसा. आणि चौथं हे पांढरं, सगळ्यांत मोठं, चार हात लांब.

दुसऱ्या दिवशी जाकीर सागाच्या पट्ट्या रंधत बसला होता, तेव्हा उत्तमराव आला. दाढी वाढलेली. काखेत तोच जुना फोटो, सोनेरी पट्टीचा. त्यानं तो टेबलावर उताणा ठेवला आणि नजर भिंतीकडं लावून बोलला.

"जाकीर, याच्यातून माह्या एकट्याचा काढून दे. मोठा कर. अन् वरतून हार घालाले खिळा ठेवजो."

जाकीरच्या हातातला रंधा थांबला. इतक्या वर्षांत इतके फोटो त्यानं लावले, पण ज्याचा फोटो तोच घेऊन आलाय असं कधी झालं नव्हतं. जे सुचलं ते तो बोलून गेला.

"काच नाई सध्या. मेहकरहून याची हाय. आठ दिवस तरी लागतीन."

"लागू दे."

उत्तमराव वळला. तो पायरीवरून उतरला तर कुठं जाईल, कोणास ठाऊक. "उत्तमराव," त्यानं घाईनं हाक मारली, "थांब ना बे. हे कापड एकट्यानं तानल्या जात नाई. दुसरीकून धराले कोनी पाह्यजे. तुह्या हातात जोर हाय."

उत्तमराव परत फिरला. मग चपला काढून आत आला.

त्या दिवशी दोघांनी फ्रामचा कॅनव्हास ताणायला घेतला. जाकीरला वाटलं होतं, एका टोकाकडून सुरुवात करावी आणि ओढत न्यावं. तसं केलं तर मधोमध सुरकुती आली आणि जहाज कमरेत वाकलं. पुन्हा सगळ्या पिना उपसल्या. शेवटी दोघांना उमगलं की सुरुवात मधून करायची. या बाजूच्या मध्यावर एक पीन, समोरच्या बाजूच्या मध्यावर दुसरी, आणि मग दोन्हीकडून सारख्या ओढीनं कोपऱ्याकडं सरकायचं. एकानं जास्त ओढून भागत नाही. दोघं दिवसभर एकमेकांच्या हाताचा अंदाज घेत राहिले.

घरी गेल्यावर जाकीरनं आसमाला सगळं सांगितलं. ती पीठ मळत होती. तिनं हात धुतले, डोक्यावर ओढणी घेतली.

"फ्रेम देऊ नका. अन् त्याले एकटं पडू देऊ नका. मी झुंबरबाईकडं जाऊन येते."

झुंबरबाईला काही नवीन नव्हतं. "मले मालूम हाय, आसमाबाई," ती म्हणाली. "कपाशीत नांगर घातल्यापासून ते घरात असून नसल्यासारखे हायेत. फवारनीचं औषध मी कवाच भावाच्या घरी पोचवलं. रातभर जागी असते मी. पन दिवसा कुठं-कुठं पुरी पडू?"

"दिवसा आमच्या दुकानात राहू द्या त्यायले," आसमा म्हणाली. "डबा मी पाठवीन."

असं ठरलं आणि तसंच चाललं. सकाळी उत्तमराव यायचा, चपला काढायचा, कापडाची किनार धरायचा. दुपारी आसमानं पाठवलेली भाकर दोघं खायचे. ताणून झालेलं चित्र भिंतीला टेकवून ठेवायचे, उन्हाच्या तावानं कापड सैल पडतं का ते बघायला. बाजाराच्या दिवशी दुकानापुढं ही गर्दी! वांग्याच्या पाट्या खाली ठेवून बाया बघत उभ्या राहिल्या. म्हातारे चष्मे पुसून पुढं सरकले. एक जण म्हणाला, एवढ्या थंडीत माणूस लघवीला कसा जात असंल. सगळे हसले, पण चित्रावरून नजर कोणाची हटेना. कोणी आवाज चढवला तर दुसरा त्याला गप्प करी. जाकीरला वाटलं, जुम्म्याच्या नमाजाआधी मशिदीत असते तसली ही शांतता आहे. उत्तमराव मात्र गर्दीकडं पाठ करून पिनांची डबी आवरत होता.

मोठं पांढरं जहाज शेवटाला ठेवलं होतं. ते टेबलावर घेतलं त्या दिवशी ज्ञानेश्वरही पायरीवर येऊन बसला. दोघं ताणत होते आणि तो सांगत होता. बर्फानं जहाज महिनोन्‌महिने आवळलं. फळ्या ओरडायच्या, रात्ररात्र. मग एक दिवस कप्तानानं सगळ्यांना खाली उतरवलं. पुढं त्यांच्या डोळ्यांदेखत जहाज चिरडलं आणि बुडालं. अठ्ठावीस माणसं, तरंगत्या बर्फावर, तंबूत.

उत्तमरावचे हात थांबले. त्या दुकानात आल्यापासून त्यानं पहिल्यांदा काही विचारलं.

"मंग? जहाजच गेलं तं मंग त्यायनं काय केलं?"

"काय करतीन काका. सकाळी उठत. चुलीत सील नावाच्या जनावराची चरबी जाळत, चहा करत. कुत्रे होते, त्यायले खाऊ घालत. पुढं कुत्रे बी माराव लागले." ज्ञानेश्वर जरा थांबला. "अन् फुटबॉल खेळत."

"काय?"

"फुटबॉल. बर्फावर. दोन पार्ट्या करून."

उत्तमराव त्याच्याकडं बघत राहिला. मग त्याच्या पोटातून कुठूनतरी हसू वर आलं, खोकल्यासारखं. "खालून समुद्र, वरून अंधार, जहाज गेलं अन् हे लेकाचे फुटबॉल खेळून राह्यले!" तो हसत राहिला आणि डोळे पुसत राहिला. जाकीरनं खाली मान घालून पीन मारली. ती वाकडी बसली.

"पुढचं सांग," उत्तमराव म्हणाला.

"पुढं बर्फ फुटला. तीन होड्या होत्या, त्यात बसून एका ओसाड बेटावर पोचले. तिथं कोनी येनार नाई, कोनाले मालूमच नाई. मदत आनाची तं शेकडो कोस समुद्र ओलांडाव लागे, अन् होडी उघडी, एवढीशी. मंग जहाजावरचा सुतार होता ना..."

"सुतार होता?" आता जाकीरनं मान वर केली.

"हाव चाचा. त्यानं होडीच्या कडा उंच केल्या. बर्फावरच्या घसरगाडीच्या पट्ट्या घेतल्या, खोक्याचे झाकनं घेतले, त्याचा सांगाडा केला. अन् वरतून कॅनव्हास तानला, पानी आत येऊ नाई म्हनून. कॅनव्हास तं गोठून पत्र्यावानी झालेला. चुलीवर थोडा-थोडा ऊन करत, अन् तेवढाच शिवत. मंग पुन्हा पुढचा."

जाकीरच्या हातात त्या वेळी कॅनव्हासच होता. खाली सागाची चौकट होती. त्यानं आपल्या हातांकडं पाहिलं, जणू ते आताच कोणीतरी त्याला आणून दिले होते. जगाच्या त्या टोकाला, जिथं देवानं झाडाचं पानसुद्धा ठेवलं नाही, तिथं कोणी एक सुतार खोक्याची फळकुटं जोडत बसला होता आणि गारठलेल्या बोटांनी हेच काम करत होता. मधून ताणायचं, कोपऱ्याकडं सरकायचं. त्याला बाप आठवला, बैलगाडीच्या लाकडी साट्यावर वाकलेला. "सुभानअल्ला," तो पुटपुटला.

"पोचली का ती होडी?" उत्तमरावनं विचारलं.

"पोचली. सहा जन गेले त्या होडीत. बाकीचे बेटावर, उलट्या घातलेल्या होड्याखाली, चार महिने. मंग मदत आली. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जित्ते घरी गेले."

गिरणी बंद पडली होती. दळण संपलं असावं. शांततेत उत्तमराव एकदम म्हणाला, "जाकीर, माह्या फ्रेमीचं काय झालं? काच आली का?"

जाकीरनं पक्कड खाली ठेवली. आता खोटं बोलणं त्याच्यानं होईना.

"काच तं तवाच होती उत्तमराव. मी तुही फ्रेम करनार नाई. जित्या मानसाची तसली फ्रेम माह्या हातून होनार नाई. तुले राग येऊ दे, दुसरीकडं जाशीन तं तिथंबी येऊन बसीन मी."

ज्ञानेश्वरला काही कळलं नाही, मग कळलं, आणि तो जागीच गोठला. उत्तमरावच्या जबड्याची शीर उडत होती. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं, पण दोन्ही हात कापडाच्या किनारीवर होते आणि ती त्यानं सोडली नाही. सोडली असती तर ओढ गेली असती.

मग तो म्हणाला, "मार पीन. हात दुखून राह्यले."

जाकीरनं पीन मारली. त्या दुपारी त्यांनी मोठं जहाज पुरं केलं. निघताना उत्तमरावनं आपला जुना फोटो मागून घेतला, झुंबरबाईसकट, होता तसा. "घरी भिंतीवर डाग पडला त्याच्या जागी," एवढंच म्हणाला.

चित्रं शाळेत पोचवायचा दिवस आला. तीन छोटी ऑटोत मावली. मोठं मावेना. तेव्हा दोघांनी ते हातांवर घेऊन चालत न्यायचं ठरवलं, पुढं उत्तमराव, मागं जाकीर. बाजार ओलांडेपर्यंत ठीक होतं. गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्याला लागले आणि उन्हाळ्याचं वारं सुटलं. धुळीचा लोट आला, आणि पाठोपाठ चौकटीला असा हिसका बसला की जाकीरच्या टाचा उचलल्या गेल्या. वारं सरळ कापडावर भरलं होतं. दोन बाप्ये माणसं रस्त्यावरून तिरपी घसरत शेताकडं निघाली.

"धर! धर बे!" उत्तमराव ओरडला.

"धरलंच हाय! तेच आपल्याले घेऊन चाललं!"

बांधाला पाय लावून दोघं कसेबसे थांबले. चौकट गच्च धरलेली, छाती कापडाला टेकलेली. कापड आतून धडधडत होतं, जनावराच्या बरगडीसारखं. चार हात कापडात एवढं बळ! जाकीरला त्या तीन डोलकाठ्या आठवल्या, त्यांच्यावर भरणारी शिडं आठवली, आणि ते एवढं मोठं लाकडी जहाज समुद्रावरून कसं ओढलं गेलं असेल ते पहिल्यांदा त्याच्या हाडांना कळलं. चित्रात बघून ते कळलं नव्हतं. पलीकडून उत्तमराव ओरडून काही सांगत होता. धुळीनं त्याचं तोंड भरलं होतं आणि तो हसत होता.

वारं पडल्यावर ते शाळेत पोचले. हॉलच्या लांब भिंतीवर चारही जहाजं लागली. सुट्टीचे दिवस होते, तरी गाव आलं. झुंबरबाई आली, आसमा आली. दोघी मोठ्या जहाजासमोर एकमेकींना लागून उभ्या राहिल्या.

त्या पावसाळ्यात उत्तमरावनं कपाशी केली नाही, सोयाबीन आणि तूर पेरली. ती बेताचीच झाली. पुढचं वर्ष त्याहून वाईट गेलं, त्याच्या पुढचं बरं. मधे दोनदा तो पुन्हा गप्प झाला. दोन्ही वेळा झुंबरबाईनं जाकीरकडं निरोप धाडला, आणि जाकीर दुकान ओढून घेऊन त्याच्या वावरात जाऊन बसला. एका खेपेला त्यानं ज्ञानेश्वरला फोन लावून बुलढाण्याच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि ज्ञानेश्वरसकट तिघं मिळून गेले. उत्तमराव आज आहे. केस पांढरे झालेत.

जाकीरकडं आजही हारातले फोटो येतात. ते त्यानं थांबवलेलं नाही, थांबवणं त्याच्या हातातही नाही. पण आता तो फोटो घेऊन आलेल्या माणसाला आत बोलावतो, पाणी देतो, नाव विचारतो, घरी कोण-कोण आहे ते विचारतो. आणि शाळेतली चित्रं तपासायला तो दर उन्हाळ्यात जातो. तावानं कापड सैल पडतं, मग कोपऱ्यात लाकडाची पाचर ठोकावी लागते. काम थोडक्या वेळाचं. पण ते झाल्यावरही तो मोकळ्या हॉलमध्ये बाकावर बसून राहतो, त्या पांढऱ्या दोरांकडं बघत. शाळेचा शिपाई सांगतो, जाकीरभाई आत असले की बाहेरून गुणगुणणं ऐकू येतं.